नववीचा पट विचारा

प्रवेशाचा हंगाम आला की चौकाचौकांत खासगी शाळांचे फलक लागतात. नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मुलांचे फोटो, त्याखाली 'शंभर टक्के निकालाची परंपरा' आणि तळाशी 'प्रवेश सुरू'. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या कितीतरी शाळा सातवीला संपतात. त्यामुळे मुलाला आठवीला कुठे घालायचं, हा प्रश्न असंख्य घरांत असतो. ज्यांचं मूल पहिल्या दहात नाही आणि नापासही होत नाही, साठ-पासष्टच्या आसपास असतं, त्या पालकांना आज एकच गोष्ट सांगायची आहे. शंभर टक्क्यांच्या फलकाला भुलू नका, नववीचा पट विचारा.

निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. जी बसलीच नाहीत, ती त्या हिशेबात येत नाहीत. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही, कारण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण असतं. नववीत ते संपतं आणि काही शाळांची गाळणी तिथेच लागते. पालकांना बोलावून 'याला दहावी झेपणार नाही, दाखला काढून घ्या' असं सांगितलं जातं, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. ज्यांची शाळा सुटली त्यांना बाहेरून दहावी देता यावी, म्हणून असलेली ही सोय अशा वेळी शाळेचा निकाल सांभाळायला वापरली जाते. यात बळी जातो तो मध्यम मुलाचा. तो ढ नसतो. त्याला चार महिने जास्त लागणार असतात आणि तेवढा धीर शाळेकडे नसतो.

म्हणून मुख्याध्यापकांना विचारा: यंदा दहावीला बसलेली तुकडी दोन वर्षांपूर्वी आठवीत होती, तेव्हा पटावर किती मुलं होती? नववीत किती राहिली आणि दहावीला किती बसली? मधली मुलं कुठे गेली? बदलीच्या नोकरीमुळे काही जातात, हे खरं. पण गळती मोठी असेल, तर तिथला शंभर टक्के निकाल तुमच्या मुलाच्या कामाचा नाही. ब्याण्णव टक्के निकालाची, पण आठवीतली जवळजवळ सगळी मुलं दहावीला बसवणारी शाळा त्याच्यासाठी कितीतरी चांगली.

दुसरा प्रश्न तुकड्यांचा. गुणांनुसार तुकड्या पाडून 'अ' तुकडीला अनुभवी शिक्षक आणि 'ड'ला दरवर्षी नवा माणूस, असं असेल तर मध्यम मूल कायम नवख्या हाती राहतं. गणिताचे शिक्षक किती वर्षं टिकून आहेत, चाचणीत वीसपैकी आठ मिळाले तर पुढच्या आठवड्यात शाळा काय करते, हे विचारा. 'शिकवणी लावा' हेच उत्तर आलं, तर शाळेची फी नेमकी कशाची?

माध्यमाचंही बघा. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मध्यम मुलाला आठवीत एकदम इंग्रजी माध्यमात टाकू नका. इतिहास-भूगोल समजण्याऐवजी पाठ करण्यात त्याची दोन वर्षं जातात. गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीतून शिकवणारी सेमी-इंग्रजीची तुकडी हा जास्त समंजस मार्ग आहे.

आणि खासगी म्हणजे महागडीच, हा समज सोडा. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल 1880 साली निघालं, कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 1919 साली. सरकारने काढलेल्या शाळा नव्हेत या. संस्थांच्या अशा अनेक अनुदानित शाळांत शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे फीचा भार कमी असतो. रिक्त पदांचा प्रश्न तिथेही आहे, तोही विचारून घ्या. विनाअनुदानित शाळेत जाणार असाल, तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी लेखी मागा. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने ही समिती बंधनकारक केली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाची मोफत शिक्षणाची सोय आठवीला संपते. नववीपासूनच्या फीचा हिशेब आत्ताच मांडा.

शेवटचं. चित्रकलेची ग्रेड परीक्षा, खेळ, तांत्रिक विषय यांना शाळेत खरोखर तास मिळतात का, हे पाहा. चित्रकलेच्या आणि खेळाच्या वाढीव गुणांपेक्षाही, आपल्याला काहीतरी जमतं हे मध्यम मुलाला कळणं महत्त्वाचं असतं.

शाळेत कामाच्या दिवशी जा, मुलाला बरोबर न्या आणि पटाचा आकडा विचारा. तो सांगायला जी शाळा कचरते, तिचा प्रवेश अर्ज भरू नका.