राबणाऱ्या हाताची निगा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद-तूप लावून मळावे, हें आमच्या शेतकरी बंधूंस कोणीं शिकवावें लागत नाहीं. परंतु जो हात हे खांदे मळतो, त्याची विचारपूस वर्षांतून एकदां तरी होते काय? विळ्यास आपण धार लावितों, ट्रॅक्टरास वेळेवर वंगण देतों. हाताकडे मात्र बोटें आखडून विळा गळूं लागेपर्यंत लक्ष जात नाहीं. ही उपेक्षा आतां थांबली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कित्येक म्हणतील, 'दिवसभर राबणाऱ्या हातास आणखी व्यायाम कशाला?' हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, पण त्यांत श्रम व व्यायाम यांची गल्लत आहे. खुरपणी, ऊसतोड, धार काढणें, पाठीवरील पंपाचा दांडा मारणें, या सर्व कामांत मूठ मिटलेली असते. ती पूर्ण उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. बोटें व अंगठा वांकविणारे मुख्य स्नायू पंजांत नसून कोपराखालीं असतात, आणि त्यांच्या ९ कंडरा, म्हणजे दोरीसारखे बंध, मनगटांतील अरुंद वाटेनें एका मज्जातंतूसह पंजांत उतरतात. एकच हालचाल हजारों वेळां झाली म्हणजे या वाटेंत सूज येऊन तो तंतू दाबला जाण्याचा संभव असतो; मग अंगठा व त्याजवळच्या बोटांस मुंग्या येऊन रात्रीं झोंप मोडते.

उपाय सोपा आहे व त्यास पैसा लागत नाहीं. सकाळीं कोमट पाण्यांत हात थोडा वेळ बुडवून पुढील क्रम करावा. प्रथम मूठ हलकेच मिटावी, मग पंजा पूर्ण उघडून बोटें फांकवावीं व ५ अंक मोजीपर्यंत तशींच ठेवावीं. दुसरें, तळहात सरळ ठेवून बोटांचीं टोंकाकडचीं पेरीं आंकड्यासारखीं वांकवावीं व पुन्हां सरळ करावीं. तिसरें, अंगठ्याचें टोंक प्रत्येक बोटाच्या टोंकास व अखेर करंगळीच्या मुळाशीं लावावें. हे तिन्ही प्रकार १० वेळां करावे. चौथें, हात पुढें ताठ धरून दुसऱ्या हातानें बोटें आपल्याकडे ओढावीं, नंतर तळहाताच्या बाजूस दाबावीं. प्रत्येक ताण १५ अंक मोजीपर्यंत असावा. बळासाठीं एक दिवसाआड गुंडाळलेला पंचा मुठींत दाबावा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी पांचही बोटांभोंवतीं घालून तीं बाहेर फांकवावीं. ताण जाणवावा, वेदना होऊं नये.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. इंग्लंडांत संधिवाताच्या ४९० रोग्यांवर केलेला प्रयोग २०१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांस हाताच्या व्यायामाची जोड मिळालेल्या रोग्यांचे हात वर्षाअखेर इतरांपेक्षां अधिक कामाचे ठरले. सुधारणा माफक होती, पण खरी होती.

तथापि व्यायाम हें सर्व रोगांवर औषध नव्हे. मुंग्या जात नसतील, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग झडूं लागला असेल, बोट मिटल्यावर अडकून राहत असेल किंवा सांधे सुजून सकाळीं बराच वेळ ताठ राहत असतील, तर विनाविलंब डॉक्टर गांठावा. मधुमेह्यांनीं तर विशेष सावध असावें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. आमचे बहुतेक वाचक जमीनधारक आहेत, आणि त्यांच्या शेतांत खुरपणीस बसणाऱ्या बायांचे हात त्यांच्या स्वतःच्या हातांहून अधिक झिजतात. खुरप्याच्या मुठीस कापड गुंडाळून ती जाड करून द्यावी, दिवसभर एकच काम न ठेवतां तें पालटून द्यावें, आणि सकाळ-दुपार पांच पांच मिनिटें हात मोकळे करण्यास द्यावीं. तीं मिनिटें मजुरींतून कापूं नयेत. बैलाच्या खांद्याची कदर करणाऱ्या शेतकऱ्यानें माणसाच्या हाताची कदर करूं नये, हें त्यास शोभणारें नाहीं.