गायरानात गाय नाही, आमची ज्वारी आहे



मी गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो आणि कविता करतो. मॅट्रिक झालोय, म्हंजे सरकारी कागद वाचता येतो एवढंच. मागल्या महिन्यात गावाकडून चुलती आली. पिशवीतून घडी केलेला कागद काढला. म्हणाली, "काय लिवलंय रं ह्यात? वाच की बाबा."

वाचला. ग्रामपंचायतीचा ठराव. गायरानावरचं अतिक्रमण हटवावं, जमीन सौर प्रकल्पाला द्यावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

सर्वानुमते! चुलतीला विचारलं, तू होतीस का ग्रामसभेला? म्हणाली, "आमाला कोन बलावतंय?"

हे अतिक्रमण म्हंजे काय, तर दोन एकर माळ. माझ्या आज्यानं १९८५ साली तो फोडला. दगडगोटे येचले, आजीनं पाटीनं माती वाहिली. तेव्हा तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आज ज्वारी आहे, तूर आहे. आज्यानं पोट भरलं तेव्हा गावाला गाय आठवली. म्हणे गाईच्या तोंडचा घास आम्ही काढला. आता तीच जमीन नाममात्र भाड्यानं कंपनीला जाणार, तिथं काचेची तावदानं उभी राहणार. २०२३ पासून सरकारची योजनाच आहे, सरकारी जमिनी सौर प्रकल्पाला द्यायची. मग गाय काय तावदानं चरणार आहे? वीज पाहिजे, आमचं काही म्हणणं नाही. पण गावात शेकड्यानं एकर असलेल्यांचा बांध सोडून तावदानं नेमकी आमच्याच ताटात का?

आता कायदा ऐका. चोर म्हणण्याआधी ऐकाच.

गायरान सरकारच्या मालकीचं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम ५० अतिक्रमण काढायचं, त्याला लागून कलम ५१ अतिक्रमण नियमित करायचं. दोन्ही अधिकार जिल्हाधिकाऱ्याला. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय सांगतो, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन दलित-आदिवासींनी शेतीसाठी धरलेली गायरानं त्यांच्या नावावर करा. त्याआधीची १९७८ च्या निर्णयात आली. हे निर्णय कुणी दया म्हणून दिले नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला जमिनीसाठी माणसं रस्त्यावर आणली, तुरुंग भरले, त्याची ही उशिरा आलेली मजुरी आहे.

माझा आजा १९८५ चा. म्हंजे निर्णयात चपखल बसतो. त्यानं अर्ज केला. साहेब म्हणाले, पुरावा आणा. पुरावा कुठं असतो? गाव नमुना एक-ई, अतिक्रमणाची नोंदवही. ती लिहितो तलाठी. पंचनामा करतो तलाठी. पंच कोण? ज्यांच्या वाड्यावर आजा सालगडी होता तेच. आज्याचं नाव वहीत चढलंच नाही. अर्ज धूळ खात पडला, आजा मेला.

आणि मग २०११ साल आलं. पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यात एका गावचं तळं बुजवून लोकांनी घरं बांधली. जगपालसिंग खटला. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, देशभरची सार्वजनिक जमीन मोकळी करा. ठीक. तळं बुजवणाऱ्याला हाकला, माझी ना नाही. पण त्याच निकालात अपवाद लिहिलाय : सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर नियमित करता येईल. पंचायतवाले निकाल दाखवतात, अपवादावर अंगठा ठेवून.

डाव इथंच आहे. अपवाद मागतो पट्टा. पट्टा मागतो नोंद. नोंद अडवून ठेवणारा गावात बसलाय. वीस-वीस वर्षं कागद करू द्यायचा नाही आणि एक दिवस म्हणायचं, कागद दाखव. गोदीत टॅलीवर न चढलेलं पोतं हिशोबात नसतं. पण पोतं वाहणाऱ्याची पाठ तर मोडलेली असते ना?

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाला अडाणीपणाचं, जातीयतेचं डबकं ठरवलं, घटनेत गाव नाही तर माणूस एकक धरला. लोक चिडले. पुढं पंचायती घटनेत आल्याच, राखीव जागाही आल्या. आज आमचाही सरपंच होतो. पण ठरावाचा कागद वाड्यावर लिहून येतो, सरपंच सही करतो. डबक्याला लोकशाहीचा घाट बांधला म्हणून पाणी बदलत नाही.

आता तुमच्याकडं येतो, शहरातल्या दोस्तांनो. आपण म्हणतो, बाबासाहेब म्हणाले गाव सोडा, आपण सोडला, सुटलो. मीही असंच म्हणायचो. मग चुलती काय करणार? इथं दहा बाय दहात सात माणसं झोपतो, तिला कुठं निजवू? गाव सोडणं हा हक्क आहे. गावातून हाकललं जाणं हा हक्क नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं. मोर्चे काढा, कविता म्हणा, पण सुट्टीत गावाला जाल तेव्हा माहितीच्या अधिकारात एक-ईची नक्कल मागा. आज्यानं भरलेली दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत असेल, ती जपा. अतिक्रमण केलं म्हणून सरकारनं घेतलेला तो दंडच आपल्या कब्जाचा पुरावा आहे. जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करा आणि पोच घ्या. उभ्या पिकात कुणी जनावरं घातली, नांगर घातला तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(ग) म्हंजे इंग्रजीतलं 'जी' वाचा. जमिनीवरून बेकायदा हुसकणं आणि पीक मोडणं हा त्यात गुन्हा आहे. ठाणेदार सांगणार नाही, तुम्हीच सांगा.

चुलतीला मी अर्ज लिहून दिला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला मजकूर तोच. तिनं अंगठा नाही उठवला. सही केली. वाकडी, मोठी, ओळ सोडून.

ठराव त्यांचा असेल. ज्वारी आमची आहे.

जय भीम.