गैरहजर कोण?

मुलांची हेळसांड थांबवण्यासाठी चाललेल्या कुठल्याही प्रकल्पाचा अहवाल उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'पालकांचा प्रतिसाद कमी.' पालक म्हणजे अर्थात आई. बाप बैठकीला आला नाही याची नोंद कुणी करत नाही, कारण त्याला बोलावलेलंच नसतं.

समाजकार्यात एम.ए. केल्यापासून दहा वर्षं मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातला घर सोडते. अंगणवाडी दुपारी सुटते, बाई संध्याकाळी परतते. मधल्या वेळात दोन वर्षांचं मूल नऊ वर्षांच्या ताईच्या कडेवर, आणि ताईची शाळा बुडते ती वेगळीच. अशा घराला आपण 'जोखमीचं कुटुंब' म्हणतो आणि त्याच्यासाठी पालक शिबिर ठेवतो, तेही मंगळवारी दुपारी तीन वाजता! शिबिराला यायचं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ती येत नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे 'उदासीन' असं लिहिलं जातं.

दुसरं कारण भीतीचं. आपण घरात शिरून डबे बघतो, मुलाचं वजन विचारतो, दारू कोण पितं ते विचारतो. बाईच्या मनात एकच प्रश्न असतो: ही माझं मूल उचलून तर नेणार नाही? 2015 चा बालन्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. हेळसांडीबद्दल शिक्षा आहे, ती जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला. गरिबी हा गुन्हा नाही, हे तिला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. लपवाछपवी कळली की दार बंद होतं.

कुटुंबं टिकतात ती साध्या गोष्टींमुळे. बैठक वस्तीतच, रात्री जेवणं उरकल्यावर. वर्षभर तीच कार्यकर्ती. उपदेशाआधी रेशनकार्ड, जन्मदाखला, शाळाप्रवेश, जे अडलं असेल ते. विधवा किंवा परित्यक्ता बाईला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला मदत. दोन बैठकांना आली नाही म्हणून नाव खोडू नये. तिच्या शेजारणीला सोबत घेऊन घरी जावं. आणि बापाला नाव घेऊन बोलवावं. मूल दोघांचं आहे.

मात्र हे सगळं करूनही मूल दिवसभर कुठे राहणार, हा प्रश्न उरतोच. पूर्णवेळ पाळणाघर ही आपली जुनी मागणी. 2022 पासून केंद्राची पाळणाघर योजना 'पालना' या नावाने मिशन शक्तीत आहे. ती तुमच्या वस्तीत पोचली आहे का, मैत्रिणींनो, हे वॉर्ड ऑफिसात आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. पाळणाघर न देणाऱ्या सरकारचं नाव गैरहजेरीच्या यादीत आईच्या आधी यायला हवं.