दिवाळीची भेट आणि घराची पत



पर्युषण पर्व संपले, परस्परांना क्षमापना करून झाली आणि आता घरोघरी दिवाळीचे वेध लागले आहेत. पेढीवर वहीपूजनाच्या तयारीबरोबरच आणखी एक कागद निघतो. तो म्हणजे भेटवस्तूंच्या खोक्यांची यादी. बँकेतील माझ्या सेवाकाळात या यादीचे दुसरे टोक मला दिसत असे. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात कित्येक व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती मर्यादेला टेकत. माल भरण्यासाठी उचल होई ती समजण्यासारखी होती. परंतु त्या उचलीत भेटवस्तूंचाही वाटा असे. कर्जाच्या रकमेतून दिलेल्या भेटीवर पुढे कित्येक महिने व्याज भरले जाई. त्या काळी आम्ही अधिकारी मंडळी टेबलावर आलेली खोकी मोजण्यात धन्यता मानत असू, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच घरात उभा राहिला. चिरंजीवांचे कापडाचे दुकान आहे. उधारी अडकली होती, हाती रोकड कमी होती. आणि यादीत सत्तर नावे होती. सुक्या मेव्याचे एक खोके 650 रुपयांचे, म्हणजे एकूण 45,500 रुपये. त्याच वेळी एका लहान यंत्रमागधारकाचे 30,000 रुपये देणे थकले होते.

रात्री जेवणानंतर सूनबाई वही घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पप्पाजी, यंदा भेटी घरीच तयार करूया.” मी ताबडतोब नकार दिला. “बाजारात काय म्हणतील? दुकान अडचणीत आले असे वाटेल. व्यापाऱ्याची पत नाजूक असते,” असे मी सांगितले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “यंत्रमागवाल्या काकांना पैसे न देता आपण खोकी वाटली, तर त्यांच्याकडे आपली पत काय राहील?” पस्तीस वर्षे इतरांची पत तपासलेल्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी फक्त माझ्याकडे पाहिले.

मग आम्ही यादी पुन्हा वाचली आणि एक विसंगती लक्षात आली. नियम पाळणाऱ्या अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत सुका मेवा, तीळ आणि पालेभाज्या वर्ज्य असतात. दिवाळी कार्तिक पौर्णिमेच्या आधी येते. म्हणजे आमच्या आत्यांसारख्या व्रती माणसांना आम्ही वर्षानुवर्षे जी भेट देत होतो, ती त्यांना त्या दिवसांत चाखताही येत नव्हती. ती खोकी पुढच्या घरी जात, तेथून त्याच्या पुढच्या घरी. एकदा तर आम्हीच दिलेले खोके, कोपऱ्यावरील शाईच्या डागासह, चौथ्या दिवशी आमच्याच दारी परत आले होते!

व्यापारी वाचकांसाठी हिशेबाची आणखी एक बाब सांगतो. भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे खोक्याची किंमत करासह आपल्याच खिशातून जाते.

शेवटी ठरले ते असे. सर्वांसाठी मुखवास, आणि जवळच्या वीस घरांना त्यासोबत जिऱ्याचे खाखरे. बडीशेप 8 किलो, धनाडाळ 4 किलो आणि जवस 2 किलो, असे 14 किलो साहित्य आणले. ते जयणापूर्वक निवडले. बडीशेप व जवस गाळलेल्या पाण्यात विरघळवलेल्या सैंधवाने ओलावून वाळवले, मंद आचेवर वेगवेगळे भाजले आणि पूर्ण निवल्यावरच धनाडाळ मिसळून बरण्यांत भरले. गरम असताना झाकण लावले तर आत वाफ धरते आणि मुखवास सादळतो. प्रत्येकी 200 ग्रॅमप्रमाणे सत्तर बरण्या झाल्या. तीस बरण्या घरातल्याच होत्या, चाळीस विकत आणल्या.

पिशव्यांसाठी दुकानातील सुती कटपीस वापरले. रेशमाचा तुकडाही घेतला नाही. शिलाई शेजारच्या एका भगिनीला दिली आणि प्रत्येक पिशवीमागे 10 रुपये मजुरी ठरवली. नातवंडांनी प्रत्येक चिठ्ठीवर ते ते नाव लिहिले. खाखऱ्यांच्या चिठ्ठीवर बनविल्याची तिथीही लिहिली; कारण प्रचलित नियमानुसार कार्तिक चौमासीपर्यंत खाखरे व मिठाई यांचा काळ पंधरा दिवसांचाच असतो. तिथी समोर असली की व्रती माणूस निःशंकपणे खाऊ शकतो.

साहित्य 3,500, बरण्या 800, खाखरे 600, शिलाई 700 आणि किरकोळ 400; एकूण 6,000 रुपये. उरलेल्या 39,500 मधून 30,000 रुपये धनत्रयोदशीपूर्वी यंत्रमागधारकाला पोहोचते केले आणि 9,500 रुपये साधर्मिक भक्तीसाठी बाजूला ठेवले. दुकानातील नोकरांचा बोनस मात्र दरवर्षीप्रमाणेच दिला. काटकसर आपल्या हौसेत करावी. कष्ट करणाऱ्याच्या हक्कात करू नये.

सगळे गोडच झाले असे नाही. एका नातेवाइकांनी हसत म्हटले, “यंदा हात आखडलेला दिसतो.” मला ते लागले. चिरंजीवांनी मात्र सरळ सांगितले, “हो काका, आधी देणी दिली.” नंतर त्याच नातेवाइकांनी एकांतात विचारले की एवढ्या बरण्या भरायला किती दिवस लागले. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. त्या तीन संध्याकाळी घरातील टीव्ही कोणी लावला नव्हता.

या निमित्ताने उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची आठवण होते. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात व चार कोटी घरसंसारात असलेला वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. भगवान महावीरांकडे व्रते घेताना त्याने आपल्या संपत्तीला मर्यादा घातली, तसेच दातणापासून मुखवासापर्यंत रोजच्या वापराच्या वस्तूंनाही घातली. तो निर्धन झाला नाही. व्यापारही त्याने लगेच सोडला नाही. कोठे थांबायचे ते त्याने स्वतः ठरवले. ज्या अमावस्येला आपण भगवंतांचे निर्वाण कल्याणक साजरे करतो, त्या दिवशी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर अशी एखादी मर्यादा लिहायला काय हरकत आहे?

ज्यांना यंदा हे करून पाहावयाचे आहे, त्यांनी यादीपासून आरंभ करावा. प्रत्येक नावापुढे ‘यांना काय चालते’ एवढे लिहावे. मुखवास आठ दिवस आधी करावा, खाखरे मात्र शेवटच्या तीन दिवसांत. आणि थकलेली देणी असतील, तर ती यादी या यादीच्या वर ठेवावी.

ज्ञानपंचमीच्या सुमारास आत्यांची बरणी परत आली. रिकामे भांडे परत करू नये, ही आपली जुनी रीत. त्यांनी तीत घरचा चहाचा मसाला भरला होता. पुढील महिनाभरात अशा अकरा बरण्या भरून परत आल्या. यंदाच्या दिवाळीसाठी त्या सौभाग्यवतींनी धुऊन, उन्हात वाळवून फडताळात ठेवल्या आहेत.

जय जिनेंद्र.