रुग्णाची गुपिते आणि संगणकाची कडी

गेल्या पावसाळ्यात कासार आंबोली येथील आमच्या चिकित्सालयातील संगणक बंद पडला. दुरुस्तीसाठी तो एका दुकानात दिला आणि चार दिवसांनी तो सुरळीत होऊन परत आला. पंधरवड्यानंतर वंध्यत्वाची चिकित्सा घेणाऱ्या एका रुग्णेचे पती आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमची गोष्ट त्या दुकानात कशी पोहोचली?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. संगणकाला पासवर्ड होता. परंतु तो आम्हीच चिठ्ठीवर लिहून दुकानदाराच्या हाती दिला होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत असे स्पष्ट बजावले आहे. वह्यांच्या काळी हे पथ्य पाळणे फारसे कठीण नव्हते. वही कपाटात, किल्ली कमरेला. चोराने नेलीच तर एक वही नेली असती. संगणकातून मात्र वीस वर्षांची रुग्णपत्रके घटकाभरात बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर उतरतात आणि मूळ जागेवरून काही हलल्याचे कळतही नाही.

“खेड्यातल्या वैद्याच्या नोंदी कोण पाहणार?” असे आमचे काही व्यवसायबंधू विचारतात. आमच्या मते, खेड्यातच त्या अधिक पाहिल्या जातात. दूरदेशीच्या भामट्याला आमच्या रुग्णाचे नाव निरर्थक आहे. शेजाऱ्याला ते पुरेपूर कळते. पिरंगुट परिसरातील कारखान्यांत काम करणारा एखादा तरुण अपस्मारासाठी येतो, तेव्हा रोगापेक्षा मालकाच्या कानाचीच त्याला अधिक भीती असते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. संगणक सुरू करतानाचा पासवर्ड ही दाराची कडी आहे, तिजोरी नव्हे. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली की कूटबद्ध न केलेल्या फाइली पासवर्ड न विचारताच उघडतात. (श्रीलिपीत टंकलेला मजकूर दुसरीकडे अगम्य दिसतो, म्हणून तो सुरक्षित आहे असे एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हांस सांगितले होते. फाँट बसविला की तो वाचता येतो!) खरा उपाय म्हणजे नोंदीच कूटबद्ध करणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे. व्हेराक्रिप्ट विनामूल्य मिळते. ते संगणकात एक कुलूपबंद पेटी तयार करते आणि परवलीच्या शब्दांवाचून तिच्यातील मजकूर वाचता येत नाही. काम संपताच ती पेटी बंद करावी. उघडी राहिल्यास खुर्चीवर बसेल त्याला सारे दिसते. परवलीसाठी चिकित्सालयाचे नाव व मोबाईल क्रमांक नकोत. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. ते विसरल्यास नोंदी कायमच्या गेल्या, म्हणून कागदावर लिहून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत.

कुलूप लावले म्हणजे नोंदी टिकतील असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्लेखोरांनी निकामी केले आणि तेथे अनेक दिवस कागदावर कामकाज चालवावे लागले. तेव्हा दुसरी प्रत हवीच. तीही कूटबद्ध असावी आणि एरवी संगणकापासून सुटी करून ठेवावी.

औषधालयचालकांनीही हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. व्हॉट्सॲपवर आलेली चिकित्सापत्रे दुकानातील प्रत्येक नोकराच्या दृष्टीस पडतात. स्वतः सिद्ध केलेल्या योगांची प्रमाणे, भावनांची संख्या हे सारे ज्या फाइलीत आहे, ती बहुधा संगणकाच्या पडद्यावरच उघडी पडलेली असते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या रुग्णेच्या पतीचा प्रश्न आम्हांस कायद्यापेक्षा अधिक बोचला, हा भाग वेगळा.

पुढे आम्ही त्या दांपत्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. बाईंनी चहा दिला आणि विचारले, “ते लिहिलेलं आता कुठं आहे?” नवीन डिस्कवर कुलूपबंद आहे, असे सांगितले. “आणि जुनी?” नुसते डिलीट केलेले पुष्कळदा परत काढता येते, हे त्यांच्या भाच्याने त्यांना सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही जुनी डिस्क घेऊन गेलो आणि त्यांच्याच अंगणात, त्यांच्यासमोर, घणाने फोडली.