विजेता पाठवायचा कोठून?

आशियातील राष्ट्रीय विजेत्या फुटबॉल क्लबांची १९६७ साली सुरू झालेली स्पर्धा चारदाच भरली. अरब क्लब इस्रायली संघांशी खेळेनात; १९७१ साली बँकॉकमधील अंतिम सामना इराकी संघाच्या बहिष्कारामुळे झालाच नाही आणि पुढील वर्षी स्पर्धाच रद्द झाली. राजकारणाने तिचा बळी घेतला हे खरे. परंतु आपली तयारी तरी काय होती? राष्ट्रीय लीगच नसल्याने भारताने १९६९ साली म्हैसूर व १९७० साली बंगाल हे राज्यसंघ धाडले! लीग आली १९९६ साली. पुढे गोव्याच्या साळगावकर, धेंपो व चर्चिल या क्लबांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. तरीही २०२५ साली अव्वल लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. घरची घडी बसविल्यावाचून आशियाई कीर्तीच्या गप्पा व्यर्थ होत.