दीडशे घोडे आणि भूमकर चौक

गेले तीन महिने आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय चघळला गेला. माझी गाडी. म्हणजे जी मी अजून घेतलीच नव्हती, ती. एकदा का तुम्ही चारचौघांत "सेडान घ्यायचा विचार चाललाय" असं बोलून बसलात की संपलं. त्यानंतर ती गाडी तुमची राहत नाही, सार्वजनिक होते.

कुठली गाडी ते ठरलं होतं. फोक्सवॅगन व्हर्टस. चाकणला बनते, म्हणजे तशी आपल्या गावचीच. घोडं अडलं होतं ते इंजिनावर. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो घ्यायचं की दीड लिटरचं चार सिलिंडरचं? पहिल्याची ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १७८ न्यूटन-मीटर. दुसऱ्याची १५० आणि २५०. बाहेरून पत्रा तोच, लांबी तीच ४५६१ मिलिमीटर, डिकी तीच ५२१ लिटरची. एक गाडी शहाण्या मुलाची आणि दुसरी हौशी मुलाची, एवढाच काय तो फरक.

लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक ज्येष्ठांची. त्यांना जगातल्या कुठल्याही वाहनाबद्दल एकच प्रश्न पडतो: ॲव्हरेज किती देते? दुसरी माझ्या वयाच्या पोरांची. त्यांचं म्हणणं, "वन लिटर? अरे, ती तर काकांची गाडी! एवढे पैसे घालतोयस तर जीटी घे ना."

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या द्यायच्या असतील तर तयारीला वेळ मिळेल. घ्यावी एक लिटरचीच. पण ती ॲव्हरेजसाठी घेत असाल, तर दीडशे घोड्यांवाल्याइतकंच तुमचंही गणित चुकलंय.

आधी ॲव्हरेजचं बघू. आमच्या बाबांच्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही असायची. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर. पुढच्या वेळी भागाकार. आकडा दोनाने घसरला की रविवारी प्लग साफ. हा कंजूषपणा नव्हता. त्यांच्या पगारात पेट्रोल हा खरोखरचा खर्च होता, महिनाअखेरीला जाणवणारा. त्या पिढीने तो प्रश्न विचारला तो बरोबरच होता. आपण मात्र त्यांचा प्रश्न उचलला आणि वही टाकून दिली. आता तो प्रश्न म्हणजे नुसतं कर्मकांड उरलंय.

कसं ते सांगतो. कंपन्या जो मायलेजचा आकडा सांगतात तो चाचणीतला असतो. आपल्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआयचं आवार माहीत आहेच, तशा संस्थेत ही चाचणी होते. गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद असतो, वेग ठरलेल्या आलेखानुसार वरखाली होतो आणि ताशी ९० च्या वर जातच नाही. २०२२ साली व्हर्टस आली तेव्हाचे आकडे असे होते: एक लिटर मॅन्युअल १९.४०, एक लिटर ऑटोमॅटिक १८.१२ आणि दीड लिटर डीएसजी १८.६७.

परत वाचा. स्पोर्टी गाडीचा आकडा 'किफायतशीर' ऑटोमॅटिकपेक्षा जास्त! यात जादू नाही. दीड लिटरचं इंजिन हलक्या भाराखाली चारपैकी दोन सिलिंडर बंद करून चालतं. रोलरवर निवांत पळताना हे छान जमतं. दर दोनशे मीटरला ब्रेक मारावा लागतो तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. मुद्दा एवढाच की कागदावरच्या आकड्यावरून 'किफायतशीर' गाडी निवडणाऱ्याने तो कागदही नीट वाचलेला नसतो.

बरं, रस्त्यावरचा फरक धरू. शहरात एक लिटरवाली १३ देईल आणि दीडवाली ११, असं मानू. वर्षाला १०,००० किलोमीटर. पहिलीला ७६९ लिटर, दुसरीला ९०९. फरक १४० लिटरचा. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला १४,७०० रुपये, म्हणजे महिन्याला बाराशे-सव्वाबाराशे. दोन जणांचं रविवारचं एक जेवण. यावर आपण तीन महिने भांडलो, मंडळी!

आता ज्यावर कोणीच भांडलं नाही तो आकडा. मी दोन कोटेशन्स घेतली होती. एक लिटर मॅन्युअल मधल्या व्हेरियंटमध्ये, आणि जीटी प्लस. ऑन-रोड फरक चार लाखांच्या घरात. (यात गिअरबॉक्स आणि बाकीचा साजशृंगारही आला, नुसतं इंजिन नव्हे. पण बहुतेकांची तुलना अशीच होते, माझीही झाली.) गंमत म्हणजे जीएसटी दोन्हींना एकाच दराने लागतो. लांबी चार मीटरच्या वर असल्यामुळे लहान इंजिनाला सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी सेससकट ४५ टक्के होते, त्यानंतर ४० झाले. पण किंमतच जास्त म्हटल्यावर टक्क्यांची रक्कमही जास्त. वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. विम्याचं सांगायचं तर ९९९ सीसीचं इंजिन हजाराच्या आतल्या स्लॅबमध्ये बसतं. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ६,५२१ रुपये, आणि हजार ते पंधराशे सीसीसाठी १०,६४०.

हे वरचे चार लाख कोणी रोख देत नाही. आपण कर्ज काढतो. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी चार लाखांचा हप्ता येतो साधारण ८,३०० रुपये. पाच वर्षांत भरायचे जवळपास पाच लाख. आणि त्याच पाच वर्षांत पेट्रोलमध्ये वाचणार ७३,५००. म्हणजे आपण आठातला एक रुपया मोजत बसलो आणि उरलेले सात "ईएमआयमध्ये कळत नाही रे" म्हणून सोडून दिले.

कळत नाही? २०२३ साली माझ्या एका मित्राला त्याच्या कंपनीने एका शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. हुशार मुलगा, माझ्याहून बरा कोड लिहिणारा. गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता. पुढच्या महिन्यात त्याने पहिली आलेली ऑफर घेतली. रात्रपाळी, पगार कमी, काम असं की त्याचं नाव काढायला त्याला आवडत नाही. थांबून चांगलं काही शोधायला त्याला तीन महिने हवे होते. ते त्याच्याकडे नव्हते. गेल्या वर्षी माझा प्रोजेक्ट बंद झाला आणि मी दोन महिने बेंचवर होतो. मॅनेजरने एक नकोशी बदली पुढे केली. मी नाही म्हणालो. पोटात गोळा आला होता, पण म्हणालो, कारण माझ्या डोक्यावर तेव्हा फक्त घरभाडं होतं.

ही 'नाही' म्हणायची सोय कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. महिन्याला ८,३०० रुपयांना आपण ती विकतो आणि बदल्यात पस्तीस घोडे घेतो.

आता त्या घोड्यांकडे वळू. आपण इंजिनीअर लोक. कोड हळू चालतोय म्हटलं की आधी प्रोफायलर लावतो, वेळ कुठे जातोय ते बघतो आणि मग हात घालतो. मोजल्याशिवाय ऑप्टिमाइझ करणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि गाडी घेताना?

मी मोजलं. माझ्या जुन्या सेकंडहँड हॅचबॅकच्या स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये एक स्वस्तातलं डोंगल लावलं आणि तीन आठवडे नोंदी घेतल्या. कोथरूड ते हिंजवडी. चांदणी चौक, सूस, बाणेर, बालेवाडी, वाकड, भूमकर चौक. अठरा किलोमीटर, सरासरी पासष्ट मिनिटं. ताशी सतरासुद्धा पडत नाहीत. ॲक्सिलरेटर ऐंशी टक्क्यांच्या वर दाबलेला एकूण वेळ, तीन आठवड्यांत मिळून: चार मिनिटांपेक्षा कमी. आणि ही गाडी व्हर्टसच्या लहान इंजिनापेक्षाही अशक्त!

जीन ॲमडाल यांनी १९६७ साली सांगून ठेवलंय की एखाद्या भागाचा वेग कितीही वाढवला तरी एकूण फायदा हा तो भाग मुळात किती वेळ खात होता त्यावरच ठरतो. माझ्या पासष्ट मिनिटांपैकी इंजिनाच्या ताकदीमुळे अडलेली मिनिटं धरून चालू तीन. जेट इंजिन बसवलं तरी मी बासष्ट मिनिटांनी पोचणार. बॉटलनेक बॉनेटखाली नाही हो, भूमकर चौकात आहे. तिथे दीडशे घोडे आणि एकशेपंधरा घोडे एकाच टँकरच्या मागे उभे असतात.

"पण एक्स्प्रेसवे?" आहे ना. मर्यादा ताशी १०० ची, आणि २०२४ पासून कॅमेरेही लागलेत. सपाट रस्त्यावर अशी सेडान शंभरच्या स्थिर वेगात ठेवायला साधारण पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. हवेचा अवरोध अधिक टायरचं घर्षण, पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये बसणारं गणित आहे, स्वतः करून बघा. उरलेले घोडे दोन्ही गाड्यांत तबेल्यातच चरत असतात.

मग ते आपल्याला हवे का असतात? इथे लोकांना राग येतो, तरी लिहितो. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हर्टसची 'जीटी लाइन' आली. काळा साज, स्पोर्टी रूप आणि आत एक लिटरचं इंजिन. म्हणजे रूप आणि ताकद वेगवेगळी विकता येतात हे कंपनीलाही ठाऊक आहे. उलट उदाहरण टाटा टिगोर जेटीपीचं. २०१८ साली आली, साडेसात लाखांच्या आसपास एक्स-शोरूम, ११४ पीएसचं टर्बो इंजिन, खरीखुरी स्वस्तातली हौस. पण टिगोर! सोसायटीच्या वॉचमननेसुद्धा वळून बघितलं नसतं. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मला ती एकदाही दिसली नाही. २०२० साली बीएस-६ आलं त्या सुमारास ती बंदच झाली. ताकदीवर प्रेम करणारे आपण सगळे तेव्हा कुठे होतो? जीटीचा तो लाल बिल्ला काढून दिला तर तुम्ही तेच चार लाख द्याल का, एवढंच स्वतःला विचारा. उत्तर मला नका सांगू. :)

एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. ताम्हिणीतून माणगावकडे जायचं, गाडीत चार माणसं, सामान, एसी चालू, पुढे ट्रक. एक लिटरचं इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली पेंगतं. गिअर खाली घेतल्याशिवाय उठत नाही. दीड लिटर नुसतं निघतं. ओव्हरटेक करताना समोरच्या लेनमध्ये जेवढे कमी सेकंद तेवढं बरं, हे नाकारणारा माणूस कधी कोकणात गेलेला नाही. दर शनिवार-रविवारी घाट चढणारे असाल, गाडी चालवणं हीच तुमची खरी आवड असेल आणि कर्ज न काढता परवडत असेल, तर खुशाल जीटी घ्या, हा लेख तुमच्यासाठी नाही. पण मी माझ्याकडे बघितलं. वर्षातून तीनदा कोकण. आणि हाताशी ताकद असली की मी कमी जागेत घुसणार, हेही मला माझ्याबद्दल माहीत आहे. त्यापेक्षा ट्रकमागे दोन वळणं थांबलेलं काय वाईट?

तरी खरं सांगायचं तर मी जीटीच बुक करणार होतो. टेस्ट ड्राइव्हनंतर दोन रात्री झोप नव्हती, इतकी ती आवडली होती. शेवटी बाबा म्हणाले, "हौस आहे ना तुला? मग घे. मी एक एफडी मोडतो." सहज म्हणाले, पेपर वाचता वाचता. ज्या माणसाने आयुष्यभर दोन किलोमीटरच्या फरकासाठी प्लग साफ केले तो माझ्या पस्तीस घोड्यांसाठी एफडी मोडायला निघाला होता. त्या रात्री मी हे सगळे हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडले.

एक लिटर मॅन्युअल घेतली. दोन महिने झाले. जिथे तिचा पूर्ण दम लागतो तिथे मी तो पूर्ण वापरतो, आणि त्यात मजा आहे, घ्यावी लागते तेवढी मेहनत घेऊन. बाबांनी ग्लव्ह बॉक्समध्ये नवी वही ठेवलीय. पहिला भागाकार १२.८ आला. "एवढंच?" म्हणाले, आणि टायरमधली हवा बघायला खाली गेले.